अतिउच्चदाब उपकेंद्रातील शिकाऊ उमेदवारी : वर्षभरात नेमके काय शिकून घ्यावे?

दिंडोरीरोड (धागाकर्ता)

सर्वांना नमस्कार. सातपूरच्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून वीजतंत्रीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम मी यंदा पूर्ण केला. नाशिक परिसरातील एका अतिउच्चदाब उपकेंद्राच्या देखभाल पथकात एका वर्षासाठी शिकाऊ उमेदवार म्हणून माझी निवड झाली असून पुढच्या महिन्यात रुजू व्हायचे आहे. आयटीआयमध्ये घरगुती वायरिंग, मोटारीचे रिवाइंडिंग, स्टार्टर आणि छोटे ट्रान्सफॉर्मर यांवर आम्ही भरपूर हात फिरवला; मात्र १३२ किंवा २२० केव्हीचे (किलोव्होल्टचे) यार्ड, म्हणजे उपकेंद्राचे उघडे आवार, मी आजवर कुंपणाबाहेरूनच पाहिले आहे.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. या क्षेत्रात नवख्या मुलाने कोणत्या क्रमाने शिकावे, ही पहिली. माझ्या आधीच्या तुकडीतील काही मुले सांगतात की उमेदवारांना यार्डातले गवत काढायला आणि रजिस्टरे उतरवायलाच लावतात. तसे झाले तर काय करावे, ही दुसरी. तिसरी अशी की अंबडच्या एका खासगी चाचणी कंपनीतही मला बोलावणे आहे, आणि तिथे पहिल्या दिवसापासून उपकरणे हाताळायला मिळतील असे ते म्हणतात. यांपैकी काय निवडावे? शिवाय घरी आईला या कामाची फार भीती वाटते. तिला काय सांगावे हेही जाणकारांनी सुचवावे.

यार्डवाला

अभिनंदन. मी अतिउच्चदाब उपकेंद्रे चालवणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या (अउदा संवसु) विभागातून तंत्रज्ञ म्हणून निवृत्त झालो आहे आणि वयाने बराच मोठा आहे, म्हणून एकेरीत लिहितो.

आधी गवताचे बोलू. यार्डात जी खडी अंथरलेली असते ती शोभेसाठी किंवा चिखल टाळण्यासाठी नसते. जमिनीखाली अर्थमॅटची जाळी पुरलेली असते. बाहेर कुठे दोष निर्माण होऊन हजारो अँपिअर प्रवाह जमिनीत उतरतो तेव्हा यार्डातल्या जमिनीच्या निरनिराळ्या बिंदूंवरचा विद्युत दाब क्षणभर वेगवेगळा असतो. चालणाऱ्या माणसाच्या दोन पावलांमध्ये त्या वेळी जो फरक पडतो त्याला स्टेप पोटेन्शियल म्हणतात. उपकरणाच्या सांगाड्याला हात लावून उभ्या असलेल्या माणसाच्या हात आणि पाय यांमधला फरक म्हणजे टच पोटेन्शियल. साधारण १०० ते १५० मिलिमीटर जाडीचा खडीचा थर ओला झाला तरी मातीपेक्षा कितीतरी जास्त रोध देतो आणि शरीरातून जाणारा प्रवाह त्यामुळे मर्यादेत राहतो. खडीत माती मिसळली, गवत माजले, की हे संरक्षण कमी होते. उन्हाळ्यात तेच गवत वाळते आणि एखाद्या क्लॅम्पवरून पडलेल्या ठिणगीने पेट घेते. तेव्हा गवत काढणे हे देखभालीचेच काम आहे. ते का करतोस हे ठाऊक असले पाहिजे, आणि वर्षभर तेवढेच करावे लागू नये, हे दोन्ही मला मान्य आहे.

क्रमाबद्दल म्हणशील तर पहिले काही आठवडे हत्यार हातात मिळण्याची अपेक्षाच ठेवू नकोस. उपकेंद्राचा एकरेषीय आराखडा, ज्याला सगळे एसएलडी म्हणतात, तो स्वतःच्या हाताने वहीत काढ. मग तो घेऊन वरिष्ठांबरोबर यार्डात फीर आणि प्रत्येक बे (एका लाइनच्या किंवा ट्रान्सफॉर्मरच्या उपकरणांचा कप्पा) समोर उभा राहून ताडून पाहा : लाइन कुठून आली, लाइटनिंग अरेस्टर (विजेची लाट जमिनीत उतरवणारा) कुठे आहे, सीव्हीटी (दाब मोजण्यासाठीचा) कुठे, वेव्ह ट्रॅप (संदेशवहनाच्या लहरी अडवणारा) कुठे, आयसोलेटर कोणत्या बाजूला, सीटी (प्रवाह मोजण्यासाठीचा ट्रान्सफॉर्मर) ब्रेकरच्या आधी आहे की नंतर, बसला (सर्व बे ज्याला जोडतात त्या सामाईक वाहकाला) जोडणी कशी झाली आहे. हे पाठ झाल्याशिवाय पुढचे काहीही समजत नाही. रात्री अडीच वाजता एखादी लाइन ट्रिप झाली, म्हणजे दोषामुळे आपोआप बंद पडली, आणि यंत्रचालकाने 'बे नंबर पाच पाहून ये' असे सांगितले, तर अंधारातही तुझी पावले बरोबर त्याच बे कडे वळली पाहिजेत.

यार्डात वावरण्याच्या काही सवयी पहिल्याच दिवशी अंगी लागल्या पाहिजेत. शिडी नेहमी आडवी धरायची, दोघांनी दोन टोकांना, आणि कमरेच्या वर जाऊ द्यायची नाही; धातूची शिडी आणि धातूचा मोजपट्टा यार्डात आणायचाच नाही. वरचे काही दाखवायचे असेल तर हात किंवा काठी उंचावून दाखवू नये, तोंडाने नाव सांगावे. पावसात छत्री उघडून यार्डात शिरू नये. अतिउच्चदाबात स्पर्श व्हावाच लागत नाही, अंतर कमी झाले तरी हवा फोडून प्रवाह येतो. काम करणाऱ्या माणसापासून जिवंत भागापर्यंतचे किमान अंतर १३२ केव्हीला ३.५ मीटर आणि २२० केव्हीला ४.३ मीटर धरतात. हे आकडे पाठ कर आणि जमिनीवर पावलांनी मोजून पाहा, म्हणजे नजरेला त्यांचा अंदाज येईल.

सिन्नरकर

यार्डवाले काकांचे खडीबद्दलचे विवेचन योग्यच आहे, तरी थोडा मतभेद नोंदवतो. कारण समजावून सांगितले म्हणून गवत काढणे हे प्रशिक्षण ठरत नाही. शिकाऊ उमेदवारी अधिनियम १९६१ नुसार उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे; म्हणूनच त्याला वेतन न मिळता विद्यावेतन मिळते. या व्यवस्थेची दुसरी बाजू अशी की आस्थापनेने त्याला ठरलेल्या अभ्यासक्रमानुसार शिकवणे बंधनकारक आहे. मजूर कमी पडतात म्हणून उमेदवारांना ती कामे लावणे हा त्या कराराचा भंग आहे, मग ते कोणत्याही आस्थापनेत घडो.

धागाकर्त्याने करारनामा डाउनलोड करून नीट वाचावा. त्यात व्यवसायाचे नाव, कालावधी आणि विद्यावेतन स्पष्ट लिहिलेले असते. २०१९ च्या सुधारित नियमांत आयटीआय उत्तीर्ण उमेदवारासाठी दरमहा किमान ७,००० रुपये धरले होते. आपल्या करारात आज कोणता आकडा आहे तो पाहावा आणि बँक खात्यात तोच जमा होतो ना, याची खात्री करावी. काम करताना इजा झाली तर भरपाईची जबाबदारी आस्थापनेवर येते, ही तरतूद त्याच अधिनियमात आहे. धोकादायक उद्योगांशी संबंधित व्यवसायांसाठी वयाची अट १८ वर्षे पूर्ण अशी आहे. कालावधी संपल्यावर अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा असते आणि ती उत्तीर्ण झाल्यावर राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळते. मात्र हे लक्षात असू द्यावे की त्याच आस्थापनेने नोकरी द्यावी असे बंधन अधिनियमात नाही. अनेक पालक या एका गैरसमजावर वर्ष काढतात आणि शेवटी निराश होतात.

माझी व्यावहारिक सूचना अशी की दैनंदिनी लिहावी. आज कोणत्या उपकरणावर कोणते काम झाले, त्यात मी काय केले, कोणते मापन पाहिले, हे रोज चार ओळींत लिहून आठवड्याला प्रभारी अभियंत्यांची सही घ्यावी. सलग काही आठवडे त्या वहीत फक्त 'गवत काढले' असे दिसू लागले, तर तीच वही घेऊन नम्रपणे अभियंत्यांना भेटावे. तोंडी तक्रारीपेक्षा तिचा परिणाम चांगला होतो.

मेगर

मी चाचणी विभागात अभियंता आहे. आमच्याकडे दरवर्षी उमेदवार येतात, त्यामुळे या प्रश्नाबद्दल मला मनापासून आस्था वाटते.

माझ्या मते देखभालीतील सर्वात महत्त्वाचे कौशल्य पान्याने किंवा चाचणी संचाने येत नाही. एखादा भाग खरोखर निर्जीव झाला आहे हे सिद्ध करणे, हे ते कौशल्य. म्हणून परमिटची (काम करण्याच्या लेखी परवान्याची) प्रक्रिया तुम्ही वर्षभर बारकाईने पाहा. आउटेजला, म्हणजे कामासाठी लाइन बंद ठेवायला, भार प्रेषण केंद्राची मंजुरी मिळाली की प्रथम ब्रेकर उघडतात, कारण भार तोडण्याची क्षमता फक्त त्याच्यात असते. त्यानंतर दोन्ही बाजूंचे आयसोलेटर उघडतात. आयसोलेटरमध्ये ठिणगी विझवण्याची सोय नसते. भार असताना तो उघडला तर ठिणगी विझत नाही, ताणली जाते, आणि शेजारच्या फेजपर्यंत पोहोचू शकते. आयसोलेटरच्या तिन्ही फेजची पाती पूर्ण उघडली आहेत हे डोळ्यांनी पाहावे लागते. कंट्रोल पॅनलवरच्या दिव्यावर विसंबू नये, कारण दिवा सहायक संपर्कावरून लागतो आणि पाते प्रत्यक्षात अर्धवट अडकलेले असू शकते. मग कुलूप, मग फलक, मग व्होल्टेज डिटेक्टरने तपासणी. डिटेक्टर आधी जिवंत भागाजवळ नेऊन तो चालतो याची खात्री करायची आणि तपासणी झाल्यावर पुन्हा तीच खात्री करायची. त्यानंतर अर्थ स्विच आणि काम चालू असलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना पोर्टेबल अर्थिंग (वाहक जमिनीशी जोडणारी तात्पुरती तार).

पोर्टेबल अर्थिंग लावताना जमिनीकडचा क्लॅम्प आधी आणि वाहकाकडचा नंतर. काढताना बरोबर उलट. हा क्रम चुकला तर हातातल्या दांड्याशी जोडलेली तार काही क्षण कुठेच जोडलेली नसते आणि तिच्यावर पूर्ण दाब येऊ शकतो.

परमिट देणारा आणि घेणारा या दोन्ही अधिकृत व्यक्ती असतात आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांनुसार अशा व्यक्तींची नोंद ठेवावी लागते. शिकाऊ उमेदवाराने कोणाच्याही सांगण्यावरून परमिटवर सही करू नये. या एका बाबतीत 'साहेब म्हणाले म्हणून' हे कारण चालत नाही. बाकी सर्व ठिकाणी वरिष्ठांचे ऐका.

चाचण्यांविषयी थोडे लिहिते, कारण तुम्हाला त्यांचे आकर्षण आहे असे दिसते. पाच केव्हीच्या मेगरने ट्रान्सफॉर्मरचा इन्सुलेशन रोध मोजतात, तेव्हा एक मिनिटाचे आणि दहा मिनिटांचे मूल्य घेऊन त्यांचे गुणोत्तर काढतात, त्याला पोलरायझेशन इंडेक्स म्हणतात. ब्रेकरच्या संपर्कांचा रोध मोजण्यासाठी १०० अँपिअर एकदिश प्रवाह सोडतात आणि उत्तर मायक्रोओहममध्ये येते. बुशिंग (टाकीतून वाहक बाहेर काढणारा इन्सुलेटर) आणि सीटी यांची टॅन डेल्टा (इन्सुलेशनमध्ये वाया जाणाऱ्या ऊर्जेचे माप) १० केव्हीवर घेतात. आकडा मोजणे अवघड नसते. तापमान किती होते, बुशिंग पुसून कोरडे केले होते का, मागच्या वर्षी याच फेजला किती आले होते, हे सोबत नोंदवले नसेल तर तो आकडा निरुपयोगी ठरतो. एका वर्षाची टॅन डेल्टा काहीच सांगत नाही. पाच वर्षांचा चढता कल पुष्कळ काही सांगतो. म्हणूनच रजिस्टर उतरवण्याच्या कामाला कमी लेखू नका. जुने रजिस्टर उतरवताना उपकरणाचे सारे पूर्वायुष्य डोळ्यांखालून जाते.

एक काम तुम्ही आवर्जून मागून घ्या : ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचा नमुना घेणे. वायू विश्लेषणासाठी, म्हणजे डीजीएसाठी, नमुना काचेच्या सिरिंजमध्ये घेतात. खालच्या व्हॉल्व्हचे तोंड न सुटणाऱ्या धाग्यांच्या स्वच्छ कापडाने पुसायचे, साचलेले तेल आधी वाहू द्यायचे, सिरिंज त्याच तेलाने धुऊन ते फेकून द्यायचे, आणि मग दट्ट्या हाताने न ओढता तेलाच्या दाबाने सावकाश मागे सरकू द्यायचा. आत एकही बुडबुडा राहता कामा नये, कारण तेलातले हायड्रोजनसारखे वायू त्या बुडबुड्यात निसटतात आणि प्रयोगशाळेत आकडे कमी येतात. नमुना उन्हात ठेवायचा नाही; चिठ्ठीवर तेलाचे तापमान, भार आणि वेळ लिहायची. अहवालात ॲसिटिलीन दिसले तर आत ठिणग्या पडत असल्याची शक्यता असते, इथिलीन वाढले तर तेल खूप तापत असल्याची, आणि कार्बन मोनॉक्साइड वाढले तर कागदी इन्सुलेशन जळत असल्याची. दहा मिनिटांच्या त्या कामात निष्काळजीपणा झाला तर कोट्यवधी रुपयांच्या ट्रान्सफॉर्मरविषयी चुकीचा निर्णय होऊ शकतो.

आडगावनाका

मी सरकारी उपकेंद्रात उमेदवारी पूर्ण केली आणि आता एका चाचणी कंत्राटदाराकडे काम करतो, त्यामुळे तिसऱ्या प्रश्नाविषयी दोन्ही बाजूंनी लिहू शकतो.

खासगी चाचणी कंपनीत उपकरणे लवकर हाताला लागतात हे खरे आहे. आज अंबड, उद्या सिन्नरची माळेगाव वसाहत, परवा एखादा साखर कारखाना किंवा सौर प्रकल्प, असे फिरणे होते. नवनवीन रिले, निरनिराळ्या कंपन्यांचे ब्रेकर पाहायला मिळतात. नाशिकचा आणखी एक फायदा आहे : अंबडमध्येच अतिउच्चदाबाचे ब्रेकर आणि सीटी बनवणारा मोठा कारखाना असल्यामुळे, ते उघडून जोडणारी अनुभवी माणसे याच शहरात राहतात आणि त्यांच्याशी गाठभेट होऊ शकते. परंतु चाचणी कंपनीचा माणूस उपकरणाला बहुधा एकदाच भेटतो. मोजमाप घेतो, अहवाल देतो आणि निघून जातो. ते उपकरण पुढच्या पावसाळ्यात कसे वागले, हे त्याला कळत नाही.

उपकेंद्रात एकाच यार्डाचे चारही ऋतू दिसतात. मार्च ते मे या काळात मॉन्सूनपूर्व देखभाल जोरात असते : इन्सुलेटर धुणे-पुसणे, क्लॅम्प आवळणे, ब्रीदरमधली (ट्रान्सफॉर्मरच्या आत जाणारी हवा कोरडी करणाऱ्या भांड्यातली) सिलिका जेल बदलणे, मार्शलिंग बॉक्सची (यार्डातल्या नियंत्रण तारा एकत्र येणाऱ्या पेटीची) गॅस्केट तपासणे. पावसाळ्यात त्याच गॅस्केटमधून पाणी शिरून डीसी अर्थ होते आणि रात्र रात्र जाते. रब्बीत निफाड, दिंडोरी भागातला कृषीपंपांचा भार चढतो तेव्हा थर्मोव्हिजन (उष्णता दाखवणाऱ्या) कॅमेऱ्यात सैल जंपर (दोन वाहकांना जोडणारी तार) पांढराशुभ्र चमकतो. निफाडच्या थंडीत पारा शून्याच्या जवळ जातो तेव्हा एसएफ-सिक्स वायू भरलेल्या ब्रेकरच्या साध्या दाबमापकाचा काटा खाली आलेला दिसतो आणि नवखा माणूस गळती समजून घाबरतो. तापमानाची दुरुस्ती करणारा घनतामापक मात्र जागच्या जागी असतो. हा फरक एका भेटीत समजत नाही.

म्हणून माझे मत असे की पहिले वर्ष उपकेंद्रात काढावे आणि नंतर चाचणीकडे वळावे. खासगी कंपनीचे बोलावणे नंतरही मिळते. किंबहुना प्रमाणपत्र हाती असले तर अधिक पगारावर मिळते. आणखी एक गोष्ट तपासा. ती कंपनी शिकाऊ उमेदवारीचा नोंदणीकृत करार करणार आहे की नुसते 'ट्रेनी' म्हणून ठेवणार आहे? दुसरे असेल तर वर्षाच्या शेवटी हातात राष्ट्रीय प्रमाणपत्र येणार नाही.

दिंडोरीरोड (धागाकर्ता)

इतक्या सविस्तर उत्तरांबद्दल सर्वांचे मनःपूर्वक आभार. काका, ताई आणि दादा, तिघांचेही प्रतिसाद मी वहीत उतरवून घेतले आहेत. सिन्नरकर सरांनी सांगितल्याप्रमाणे करारनामा पुन्हा वाचला; विद्यावेतनाचा आकडा आणि कालावधी दोन्ही बरोबर आहेत. उपकेंद्रातच रुजू व्हायचे मी ठरवले आहे.

दोन शंका उरल्या आहेत. मेगर ताईंनी लिहिल्याप्रमाणे दोन्ही बाजूंचे आयसोलेटर उघडले, कुलूप लावले, म्हणजे वीज येण्याचा मार्गच उरला नाही. मग पुन्हा पोर्टेबल अर्थिंगची गरज का? आणि डीसी अर्थ म्हणजे नेमके काय, त्यात रात्र का जाते?

यार्डवाला

पहिली शंका विचारलीस हे फार चांगले केलेस.

अनेक मनोऱ्यांवर दोन सर्किट शेजारी शेजारी जातात. एक बंद केले तरी दुसरे चालूच असते. चालू तारांच्या विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रामुळे बंद तारेतही दाब निर्माण होतो, आणि तो काही केव्हीपर्यंत असू शकतो. आयसोलेटर उघडा असला, कुलूप लागलेले असले, तरी याला अटकाव होत नाही, कारण हा दाब जोडणीतून येत नाही, हवेतून येतो. दूरवर वीज पडली तर तिची लाटही तारेवरून येते. शिवाय बंद केलेल्या लाइनवर विद्युत प्रभार (चार्ज) अडकून राहतो. कपॅसिटर बँकेत तर निश्चितच राहतो, म्हणून बँक बंद केल्यावर सांगितलेला वेळ थांबून, डिस्चार्ज रॉड लावून, मगच जवळ जायचे असते. दोन्ही बाजूंना अर्थिंग असले की माणूस सुरक्षित क्षेत्राच्या आत राहतो.

आणखी एक धोका आहे आणि तो तांत्रिक नाही. यार्डातले बे एकसारखे दिसतात. एका उपकेंद्रात मी स्वतः पाहिलेला प्रसंग सांगतो. परमिट एका बे चे होते. सकाळी काम व्यवस्थित चालू होते. चहा घेऊन परतताना पथकातला एक अनुभवी गडी गप्पांच्या नादात शेजारच्या, चालू असलेल्या बे च्या स्ट्रक्चरकडे वळला आणि त्याने पहिल्या पायरीवर पाय ठेवला. कामाच्या जागेभोवती लाल झेंड्यांची दोरी बांधलेली होती. आपण दोरी ओलांडली नाही, मग आपण आत आलो कसे, एवढेच खालच्या मदतनीसाने ओरडून विचारले आणि तो थांबला. तो मदतनीस शिकाऊ उमेदवार होता. तेव्हा दोरी बांधण्याचे काम मिळाले तर ते किरकोळ समजू नकोस, आणि काही चुकीचे दिसले तर समोरचा कितीही ज्येष्ठ असो, मोठ्याने ओरडण्यास कचरू नकोस.

मेगर

काकांच्या या शेवटच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे. एका मुद्द्यावर मात्र त्यांचा आणि माझा दृष्टिकोन वेगळा आहे. पहिले काही आठवडे हत्यारच नको, हे मला जास्त कडक वाटते. परमिट झालेल्या, दोन्ही बाजूंनी अर्थ केलेल्या बे मध्ये, वरिष्ठाच्या देखरेखीखाली, मुलाला हार्नेस बांधून स्ट्रक्चरवर चढू द्यावे, क्लॅम्पचा बोल्ट टॉर्क रेंचने आवळू द्यावा. तसे न केल्यास वर्ष संपते तरी त्याच्या हाताला काम ठाऊक होत नाही आणि पुढे नोकरीत तो प्रथमच एकटा चढतो, तेव्हा धोका अधिक असतो.

आता डीसी अर्थ. ब्रेकरला ट्रिप करण्याची ऊर्जा बॅटरीतून येते. यार्डातली वीज गेली तरी संरक्षण जागे राहावे यासाठी बॅटरी असते, म्हणून बॅटरीची खोली हा उपकेंद्रातला सर्वात महत्त्वाचा आणि बहुधा सर्वात दुर्लक्षित भाग. ११० व्होल्टची शिसे-आम्लाची बॅटरी असेल तर ५५ सेल असतात. प्रत्येकाचा दाब आणि आम्लाची घनता पाहायची. पूर्ण चार्ज झालेल्या सेलची घनता २७ अंश सेल्सियसला साधारण १.२०० असते. सेलमधून हायड्रोजन निघतो, म्हणून पंखा चालू ठेवणे, ठिणगी टाळणे, पान्याला इन्सुलेशन असणे आवश्यक आहे.

ही डीसी यंत्रणा जमिनीशी जोडलेली नसते. धन आणि ऋण टोकांचे जमिनीशी दाब मोजले तर दोन्हीकडे जवळपास निम्मे, म्हणजे ५५ च्या आसपास आले पाहिजेत. एखाद्या मार्शलिंग बॉक्समध्ये पाणी शिरले किंवा उंदराने केबल कुरतडली, तर एका बाजूचा दाब शून्याकडे जातो आणि दुसऱ्या बाजूला जवळपास पूर्ण ११० दिसतात. एका अर्थने लगेच काही बिघडत नाही, आणि तिथेच खरी भीती आहे. दुसऱ्या ठिकाणी दुसरा अर्थ झाला, तर कोणताही दोष नसताना ब्रेकर ट्रिप होऊ शकतो किंवा दोष असताना ट्रिप कॉइलला दाबच मिळत नाही. म्हणून पहिलाच अर्थ शोधावा लागतो. एकेक सर्किट क्षणभर वेगळे करून दाब पूर्ववत होतो का ते पाहतात, आणि प्रत्येक वेळी त्या सर्किटवर कोणते संरक्षण अवलंबून आहे याचा विचार करावा लागतो, कारण तेवढा वेळ ते संरक्षण बंद असते. रात्र जाते ती यामुळे.

याच जोडीला सीटीविषयीही लक्षात ठेवा. सीटीचे दुय्यम सर्किट प्रवाह चालू असताना कधीही उघडू नये. उघडल्यास टोकांवर हजारो व्होल्ट निर्माण होतात. पॅनलवर काम करायचे असेल तर आधी शॉर्टिंग लिंक लावून दुय्यम बाजू शॉर्ट करतात. पीटी आणि सीव्हीटी या दाब मोजणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचे नेमके उलट आहे, त्यांची दुय्यम बाजू कधीही शॉर्ट करू नये. टर्मिनल ब्लॉकसमोर उभे राहून कोणता पट्टा कोणाचा, हे आराखड्यावरून ओळखता येईपर्यंत स्क्रू ड्रायव्हर खिशातच ठेवावा.

यार्डवाला

मेगर ताईंचा मुद्दा मान्य करतो, एका अटीवर : चढण्याआधी त्या मुलाने परमिटमध्ये काय लिहिले आहे ते वाचून, अर्थिंग कुठे लावले आहे ते बोटाने दाखवून, स्वतःच्या शब्दांत सांगितले पाहिजे. सांगता आले नाही तर त्या दिवशी तो खालीच थांबेल.

एसएफ-सिक्सच्या धोक्यांबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून जोडतो. हा वायू रंगहीन, गंधहीन आणि हवेपेक्षा सुमारे पाचपट जड असतो. गळती झाली तर तो केबल ट्रेंचमध्ये साचतो आणि तिथला प्राणवायू बाजूला सारतो. ट्रेंचमध्ये उतरलेल्या माणसाला काही वास येत नाही आणि गुदमरायला होते. शुद्ध वायू विषारी नसतो, परंतु ठिणगीमुळे विघटन झालेल्या वायूत आणि आतल्या पांढऱ्या भुकटीत विषारी संयुगे असतात, म्हणून उघडलेल्या ब्रेकरची भुकटी हातमोजे आणि मास्क घातल्याशिवाय पुसू नये, ती फुंकर मारून उडवू नये. दाब कमी होत गेला तर आधी अलार्म येतो आणि आणखी उतरला तर लॉकआउट होतो, म्हणजे ब्रेकर ना चालू होतो ना बंद. लॉकआउट आलेला ब्रेकर दोष तोडू शकत नाही, तेव्हा त्याच्या मागचे सगळे उघडावे लागते. अलार्मच्या टप्प्यावर तत्परता दाखवण्याचे महत्त्व त्यामुळे आहे.

आडगावनाका

आईंच्या भीतीविषयी कोणी लिहिलेले नाही. माझ्या घरीही हीच अवस्था होती. मी आईला 'काही होत नाही' असे सांगितले नाही, कारण ते खरे नाही आणि तिला ते पटलेही नसते. परमिट म्हणजे काय, कुलूप कोण लावते, अर्थिंग झाल्याशिवाय कोणालाही वर सोडत नाहीत, हे तिला समजावून सांगितले. हेल्मेट, सुरक्षा बूट आणि हार्नेस मिळाल्यावर घरी आणून दाखवले. ती रोज निघताना बूट घातले का एवढे विचारू लागली, आणि खरे सांगायचे तर त्या विचारण्याचा मला उपयोगच झाला.

रुजू होताना आस्थापनेकडून ही साधने तुमच्या मापाची मिळतात ना, ते पाहा. बूट सैल असतील तर बदलून मागा. हार्नेसवरचा निर्मितीचा महिना वाचा, पट्ट्याची शिवण उसवलेली नाही ना हे बोटांनी तपासा, हातमोजे फुगवून दाबून पाहा म्हणजे बारीक छिद्रही कळते. हे रोज, स्वतः करायचे.

सिन्नरकर

परीक्षेच्या तयारीविषयी शेवटची एक माहिती. व्यवसाय परीक्षा वीजतंत्री या संपूर्ण व्यवसायाची असते, केवळ उपकेंद्राची नव्हे. त्यामुळे वर्षभर ब्रेकर आणि ट्रान्सफॉर्मर यांत रमलेल्या मुलांना मोटारीच्या जोडण्या आणि वायरिंगचे प्रश्न ऐन वेळी अवघड जातात. आयटीआयची पुस्तके टाकून देऊ नयेत. शिकाऊ उमेदवारीच्या पोर्टलवरील नावाचे स्पेलिंग आधार कार्ड आणि दहावीच्या गुणपत्रिकेशी जुळते का, हे रुजू होतानाच तपासावे. प्रमाणपत्रावर तेच नाव छापून येते आणि नंतर दुरुस्तीसाठी पुष्कळ हेलपाटे पडतात. भरतीच्या जाहिरातींत शिकाऊ उमेदवारीच्या प्रमाणपत्राविषयी जे लिहिलेले असते ते दर वेळी मुळातून वाचावे, ऐकीव माहितीवर अर्ज भरू नये.

दिंडोरीरोड (धागाकर्ता)

नावाचे स्पेलिंग आजच तपासले. पोर्टलवर वडिलांच्या नावात एक अक्षर कमी आहे. उद्या आयटीआयच्या कार्यालयात जाऊन दुरुस्तीचा अर्ज देतो. यार्डवाले काका, एसएलडी काढायला मी सुरुवात केली आहे. १३२/३३ केव्हीच्या एका नमुना आराखड्यात ट्रान्सफॉर्मरच्या दोन्ही बाजूंना अरेस्टर दाखवले आहेत, पण ३३ केव्हीच्या बाजूला काही ठिकाणी ते बुशिंगच्या अगदी जवळ आणि काही ठिकाणी लांब आहेत. असे का, ते रुजू झाल्यावर प्रत्यक्ष पाहून इथेच विचारीन.

यार्डवाला

थांबायची गरज नाही, आताच सांगतो. अरेस्टर ज्या उपकरणाला वाचवतो त्याच्या जितका जवळ असेल तितके चांगले, कारण मधल्या तारेच्या लांबीमुळे लाट परावर्तित होऊन उपकरणावरचा दाब अरेस्टरवरच्या दाबापेक्षा जास्त होतो. लांब दाखवलेला अरेस्टर बहुधा लाइनच्या प्रवेशावरचा आहे, तो ट्रान्सफॉर्मरचा नाही. रुजू झालास की त्या अरेस्टरखालचे गळती प्रवाहाचे मीटर आणि काउंटर पाहा, तिन्ही फेजचे आकडे लिहून घे आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर पुन्हा लिही. मग दोन्ही नोंदी इथे टाक, त्यांवर बोलू.